कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, तरी कृष्णवर्णीय सैनिकांना घरं का मिळाली नाहीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना अमेरिकेने १९४४ च्या जीआय बिलाखाली घरासाठी कर्ज मिळवून दिलं आणि त्यातून तिथला मोठा मध्यमवर्ग उभा राहिला. त्या कायद्यात वंशाचा किंवा रंगाचा एक शब्दही नव्हता. मग कृष्णवर्णीय सैनिक मागे का राहिले? त्यांचं उत्पन्न कमी होतं म्हणून बँकांनी नाकारलं, एवढंच ना?

एवढंच नाही. उत्पन्न कमी होतं हे खरं आहे. १९५० च्या सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबाची सर्वसाधारण कमाई गोऱ्या कुटुंबाच्या निम्म्याहून थोडीशीच अधिक भरत होती. पण टपाल खात्यात कायम असलेला, मोटार कारखान्यात युनियनचा पगार घेणारा, गाठीला पैसे बांधून आलेला माणूसही बँकेच्या दारातून परत जात होता, आणि तेवढ्याच पगाराच्या गोऱ्या सहकाऱ्याला पंचवीस वर्षांचं कर्ज मिळत होतं. तेव्हा कारण पगाराच्या पलीकडे शोधावं लागतं.

मी २८ वर्षं गृहकर्जाच्या फायली तपासल्या. पहिली नऊ पुण्यात एका सहकारी बँकेत, पुढची एकोणीस न्यू जर्सीत. म्हणून हे उत्तर मी फाइल टेबलावरून जशी पुढे सरकते त्या अंगाने देते. राजकारण त्यात येईलच, कारण इथे ते विधिमंडळातल्या भाषणांपेक्षा छापील अर्जाच्या रकान्यांतून जास्त चाललं.

कर्ज देणारा कुठलाही माणूस दोन गोष्टी पाहतो. हा माणूस हप्ते भरेल का? आणि नाही भरले तर तारण विकून आपले पैसे सुटतील का? पहिली गोष्ट माणसाची, दुसरी घराची. कृष्णवर्णीय सैनिकाला अडवलं गेलं ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर. त्याचं घर कुठे आहे आणि शेजारी कोण राहतं, हाच तारणातला दोष ठरवला गेला होता. आणि तो दोष एखाद्या खडूस मॅनेजरने मनाने ठरवला नव्हता, सरकारच्या नियमपुस्तिकेत तो लिहिलेला होता.

ही पुस्तिका कुठून आली, ते पाहू. १९३० च्या आधी अमेरिकेत घराचं कर्ज आजच्यासारखं नव्हतं. निम्मी किंमत आधी भरायची, उरलेल्या निम्म्यावर पाचेक वर्षं बहुतांशी व्याजच द्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकदम परत किंवा नवं कर्ज. मंदी आली तेव्हा नवं कर्ज द्यायला बँकाच उरल्या नाहीत. १९३३ मध्ये रोज हजाराच्या आसपास घरांवर जप्ती येत होती. रूझवेल्ट सरकारने त्याच वर्षी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं आणि सुमारे दहा लाख बुडती कर्जं स्वतःकडे घेऊन दीर्घ मुदतीच्या हप्त्यांत बांधून दिली. पुढच्या वर्षी फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, स्थापन झालं. एफएचए स्वतः पैसे देत नसे, ते बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवत असे. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान सरकार भरणार. या एका हमीमुळे बँका ८० टक्के, पुढे ९० टक्के कर्ज द्यायला आणि वीस-पंचवीस वर्षं थांबायला तयार झाल्या. सामान्य पगारदाराला स्वतःचं घर शक्य झालं ते इथे. ही योजना मोठी आणि चांगली होती, हे मी मनापासून म्हणते. म्हणूनच तिच्यातून कुणाला वगळलं, हा प्रश्न इतका गंभीर आहे.

तो नकाशा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल: हिरवे, निळे, पिवळे, लाल भाग रंगवलेलं शहर. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने १९३५ ते १९४० दरम्यान दोनशेहून अधिक शहरांचे असे नकाशे काढून घेतले. हिरवा भाग उत्तम, लाल म्हणजे धोक्याचा. प्रत्येक भागासोबत एका पानाचं टंकलिखित वर्णनपत्र असे. त्यातला लोकसंख्येचा रकाना मी पहिल्यांदा वाचला तेव्हा किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. रहिवाशांचा व्यवसाय काय, वार्षिक उत्पन्न किती, परदेशात जन्मलेली कुटुंबं किती टक्के, सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं किती, आणि त्यांच्याच मध्ये ‘निग्रो: होय की नाही, किती टक्के’. त्याखालची ओळ होती, ‘कोणाचा शिरकाव होतो आहे’. शिरकाव हा शब्द आपण वाळवीसाठी, ओलीसाठी, चोरासाठी वापरतो. मूल्यांकन करणाऱ्याच्या अर्जात तो माणसांसाठी छापलेला होता. छत गळतं का, पाया खचला आहे का, याच पंगतीत शेजाऱ्याचा वंश.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण अलीकडे सगळा दोष या नकाशांवर टाकला जातो. या कॉर्पोरेशनने नकाशे काढण्याआधीच आपली बहुतेक कर्जं दिली होती आणि त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबंही होती. नकाशा त्या काळच्या विचाराचं चित्र आहे. घरं अडवण्याचं प्रत्यक्ष काम जास्त करून एफएचएने केलं. तिच्याकडे स्वतःची माहिती होती आणि स्वतःचं अंडररायटिंग मॅन्युअल, म्हणजे कर्जाचा धोका जोखण्याची नियमपुस्तिका, होतं. त्या मॅन्युअलमध्ये परिसराला गुण देण्याची पद्धत होती. परस्परांशी न जुळणारे वंशगट शेजारी आले तर परिसर अस्थिर होतो आणि मूल्य घसरतं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते टाळायला खरेदीखतात वंशबंदीची अट घालण्याची शिफारसही होती.

हे कुण्या कारकुनाच्या डोक्यातून आलं नव्हतं. होमर हॉइट या शिकागोच्या अभ्यासकाने १९३३ मध्ये जमिनीच्या किमतींवरच्या आपल्या ग्रंथात वंशगटांची उतरंड दिली होती. वर इंग्रज, जर्मन, स्कॉट. तळाला कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन. हेच हॉइट पुढे एफएचएमध्ये अर्थतज्ज्ञ झाले. जागांच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेची १९२४ ची आचारसंहिता तर सांगत होती की ज्यांच्या येण्याने परिसराचं मूल्य घसरेल अशा वंशाच्या माणसांना दलालाने तिथे आणू नये. विद्यापीठ, व्यवसाय आणि सरकार, तिघांचं एकमत झालं की बँकेतल्या अधिकाऱ्याला स्वतः वंशद्वेषी असण्याची गरज उरत नाही. तो फक्त पुस्तिका पाळतो. मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करतं ते हेच, कारण मीही पुस्तिका पाळणारीच होते.

खरेदीखतातल्या त्या अटीबद्दल थोडं सांगते. तिची भाषा साधारण अशी असे: ही मिळकत कॉकेशियन वंशाखेरीज अन्य कुणाला विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, अन्य कुणाला तिथे राहता येणार नाही, घरातल्या नोकरांचा अपवाद. न्यू जर्सीत असताना एका मराठी जोडप्याची फाइल माझ्याकडे होती. टायटलच्या, म्हणजे मालकी हक्काच्या, कागदांत १९३० च्या दशकातल्या मूळ खताची प्रत जोडली होती आणि तिच्यात ही ओळ होती. त्या मुलीने फोन करून विचारलं, “ताई, याचा अर्थ आम्ही हे घर घेऊच शकत नाही का?” मी तिला सांगितलं की १९४८ पासून ही अट कोर्टात टिकत नाही आणि १९६८ पासून ती बेकायदाच आहे, तुम्ही बिनधास्त सही करा. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिच्या आजीच्या वयाच्या भारतीय बाईला त्या घरात राहायचं तर मोलकरीण म्हणूनच राहता आलं असतं.

डेट्रॉइटमध्ये तर हा नियम विटा-सिमेंटमध्ये उभा आहे. एट माइल रोडजवळ कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. अनेकांच्या नावावर तिथले प्लॉट होते. शेजारच्या मोकळ्या जमिनीवर एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. एफएचए हमी देईना, कारण कृष्णवर्णीय वस्ती फार जवळ. १९४१ मध्ये त्याने दोन्हींच्या मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली आणि हमी मिळाली. जमीन तीच होती आणि माणसंही तीच, फक्त मध्ये भिंत आली होती. ती आजही बऱ्याच अंशी उभी आहे, तिच्यावर आता चित्रं रंगवली आहेत. आपल्याकडे गावकूस म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, ते मला तिचा फोटो पाहताना आठवलं. फरक एवढाच की ही भिंत कर्जाच्या फायलीत जोडण्यासाठी बांधली होती.

आता जीआय बिल. २२ जून १९४४ ला रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. सैनिकाला शिक्षण, बेकारी भत्ता आणि घर, शेत किंवा धंद्यासाठी कर्जाची हमी. कायद्यात रंग नव्हता हे बरोबर आहे. पण अंमलबजावणी स्थानिक हातांत राहील अशी तजवीज होती आणि ती आपोआप झालेली नव्हती. प्रतिनिधीगृहात हे विधेयक ज्या समितीकडे होतं तिचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन होते, उघड वर्णवादी. त्या काळी समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळे. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदान करू दिलं जात नव्हतं, एकाच पक्षाचं राज्य होतं, त्यामुळे तिथले डेमोक्रॅट पुन्हा पुन्हा निवडून येत आणि ज्येष्ठ होत. न्यू डीलचे, म्हणजे मंदीतून सावरण्यासाठी रूझवेल्ट यांनी आखलेल्या कार्यक्रमाचे, जवळपास सगळे कायदे त्यांच्या हाताखालून जात. रूझवेल्ट यांना त्यांची मतं हवी होती आणि किंमत ही होती.

घराच्या कर्जात व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे व्हीए, हमी देई, पण कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवी, आणि घराचं मूल्यांकन एफएचएच्या धर्तीवरच होई. म्हणजे सैनिकाच्या हातात हमीपत्र, पण ते चालवून घेणारा कुणी नाही. १९४७ मध्ये एका कृष्णवर्णीय मासिकाने मिसिसिपीतली पाहणी छापली. व्हीएच्या हमीवर घर, शेत आणि धंद्यासाठी दिलेली कर्जं ३,२२९. त्यांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना २. त्या राज्याची जवळपास निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. एखाद्या शाखेचा असा आकडा माझ्यापुढे आला असता तर मी अर्जदारांच्या पगारपत्रकांआधी शाखेचीच तपासणी मागितली असती.

काय हुकलं, ते हिशोबात मांडते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिट आणि सन्स या कंपनीने १९४७ पासून घरं बांधली, एकूण १७ हजारांहून अधिक. पहिली घरं महिना सुमारे ६० डॉलर भाड्याने दिली. १९४९ पासून विक्री, किंमत ७,९९० डॉलर. सैनिकाला आधी काहीही भरायचं नव्हतं. चार टक्के व्याज आणि पंचवीस वर्षं धरा, मुद्दल-व्याजाचा हप्ता ४२ डॉलर येतो. कर आणि विमा धरूनही तो भाड्याच्या आसपासच राही. दहा वर्षांनी त्याच्याकडे कर्जातलं सुमारे ५,७०० डॉलर मुद्दल बाकी राहतं, म्हणजे २,२९० डॉलर फिटलेले. वर घराची किंमत वाढलेली. या रकमेवर मुलगा कॉलेजात जातो, दुकान निघतं, म्हातारपण निघतं. आणि भाडेकराराचं पंचविसावं कलम सांगत होतं की कॉकेशियन नसलेल्या कुणाला या घरात राहू देता येणार नाही. इथेही नोकरांचा अपवाद होताच. सगळा प्रकल्प सरकारी हमीवर उभा होता.

१९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या सेंट लुइसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा वंशबंदीच्या अटी कोणत्याही कोर्टाला अंमलात आणता येणार नाहीत. निकाल ६-० होता, तीन न्यायमूर्ती बाजूला राहिले. एफएचएला मात्र आपला नियम बदलायला डिसेंबर १९४९ उजाडला, आणि तोही फेब्रुवारी १९५० नंतर नोंदवलेल्या अटींपुरता. लेव्हिटने कलम काढलं, धोरण ठेवलं. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब एका रहिवाशाकडून घर घेऊन राहायला गेलं. घरातले मायर्सही माजी सैनिकच होते. दिवसेंदिवस घरापुढे जमाव, दगड, जळते क्रूस. शेवटी राज्य पोलीस आणि कोर्टाचा मनाई हुकूम. त्याआधी १९५१ मध्ये शिकागोला लागून असलेल्या सिसेरोत एका कृष्णवर्णीय बसचालकाने, तोही माजी सैनिक, फ्लॅट भाड्याने घेतला तर हजारोंच्या जमावाने इमारत फोडली आणि गव्हर्नरला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलवावं लागलं. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पहिल्यांदा आरोप ठेवले ते दंगलखोरांवर नाहीत, तर त्याच्या वकिलावर आणि जागा देणाऱ्यांवर.

तुम्ही विचाराल, मग कृष्णवर्णीय कुटुंबांनी घरं घेतलीच नाहीत का? घेतली, पण कशी ते बघा. शिकागोत १९५० च्या दशकात त्यांनी घेतलेली बहुतेक घरं ‘कॉन्ट्रॅक्ट’वर होती. आधी दलाल गोऱ्या मालकाला घाबरवी: वस्तीत ‘ते’ येताहेत, आत्ताच विका. घर स्वस्तात घेई आणि दुप्पट किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यांवर देई. या करारात मालकी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याकडेच राही. एक हप्ता चुकला की घराबाहेर, आणि तोवर भरलेलं सगळं गेलं. वर मी जे २,२९० डॉलर दाखवले, ते दहा वर्षांनंतरही इथे शून्य असू शकत होते. हप्ता मोठा, म्हणून नवरा-बायको दोघं दोन पाळ्यांत काम करत, खोल्या पोटभाड्याने देत, डागडुजी पुढे ढकलत. मग मूल्यांकन करणारा येई आणि लिही: गर्दी, पडझड, मूल्य घसरतं आहे. पुस्तिकेने सांगितलेलं खरं ठरलं, असं त्याला वाटे.

कृष्णवर्णीय आले की भाव पडतात, हा युक्तिवाद मला आजही सुशिक्षित लोकांकडून ऐकू येतो, म्हणून यावर धंद्यातली माणूस म्हणून बोलते. घराची किंमत पुढच्या खरेदीदाराला कर्ज मिळतं की नाही यावर फार अवलंबून असते. एखाद्या भागात कर्ज बंद करा, रोखीने घेणारे थोडे, दुरुस्तीला पैसे नाहीत, भाव पडणारच. कुणाचीही वस्ती असो. याउलट कृष्णवर्णीय खरेदीदारांपुढे पर्यायच कमी असल्याने ते बाजारापेक्षा जास्त मोजत होते, म्हणजे सुरुवातीला भाव चढायचे. १९६० मध्ये अनेक शहरांच्या विक्रीनोंदी तपासून हे दाखवून दिलं गेलं होतं. पण तोवर पंचवीस वर्षं पुस्तिका चालली होती.

पुढचं लवकर सांगते. केनेडी यांनी १९६० च्या प्रचारात म्हटलं होतं की सरकारी मदतीच्या घरांतला भेदभाव अध्यक्षाच्या लेखणीच्या एका फटक्याने संपेल. दोन वर्षं काही होईना, तेव्हा लोक त्यांना टपालाने पेनं पाठवू लागले. २० नोव्हेंबर १९६२ ला आदेश निघाला, पण तो मुख्यतः नव्या कर्जांपुरता. १९६६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये, याच कॉन्ट्रॅक्टच्या वस्तीत, राहायला गेले. ऑगस्टमध्ये मार्केट (Marquette) पार्कच्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. घरांविषयीचं विधेयक त्या वर्षी सिनेटमध्ये अडवलं गेलं. १९६८ मध्ये ते पुन्हा आलं तेव्हा ते मांडणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रूक होते, थेट मतदानाने निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सिनेटर आणि महायुद्धातले अधिकारी. युद्धावरून आल्यावर कुटुंबासाठी मनाजोगतं घर आपल्याला रंगामुळे घेता आलं नाही, हे त्यांनी सभागृहात सांगितलं. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली, ११ एप्रिलला अध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. जीआय बिलाला तोवर जवळपास चोवीस वर्षं झाली होती. पंचविशीत परतलेला सैनिक आता पन्नाशीला आला होता, आणि त्या वयात पंचवीस वर्षांचं कर्ज मिळणं कठीणच होतं.

कायदा झाला तरी सिद्ध काय करणार, हा प्रश्न होता, कारण नकार कधी लेखी मिळतच नसे. म्हणून १९७५ चा कायदा मला महत्त्वाचा वाटतो. शहराच्या कोणत्या भागात किती कर्जं दिली, हे बँकांना जाहीर करावं लागलं. १९८९ च्या दुरुस्तीने अर्जदाराचा वंश, उत्पन्न आणि अर्ज मंजूर झाला की नाही, हेही त्यात आलं. अमेरिकेतल्या गृहकर्जाच्या अर्जावर आजही हा रकाना असतो. आपले लोक तिथे अडखळतात. “वंश कशाला हवाय यांना? नको भरायला,” म्हणतात. न भरण्याची मुभा असतेच, आणि ज्या देशात असा रकाना एके काळी कशासाठी होता हे ठाऊक आहे तिथे ही शंका रास्तही आहे. मी समोर बसलेल्या प्रत्येकाला तो भरायला सांगत असे. दोन मिनिटं काढून हेच सांगत असे की १९३५ चा रकाना घर अडवायला होता, हा घर कुणी अडवलं ते शोधायला आहे.